आधी एक रजिस्टर बंद करा: वॉर्डात आणि शाळेत नवं सॉफ्टवेअर रुजवायचं असेल तर

मी ठाण्यात नर्सिंग शिकवते. अर्धं शिकवणं वर्गात, अर्धं वॉर्डात. त्यामुळे हॉस्पिटलात नवी कॉम्प्युटर सिस्टीम आली की ती मुलींना शिकवण्याचं काम माझ्याकडे येतं, आणि मुलींच्या मागोमाग स्टाफ सिस्टरही विचारायला येतात. माझी जाऊ घणसोलीत प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. कळव्याच्या घरी रात्री भाजी निवडताना आमच्या गप्पा होतात, तेव्हा तिच्या शाळेतल्या ॲपची आणि माझ्या वॉर्डातल्या सॉफ्टवेअरची दुखणी सारखीच निघतात. पुढचं सगळं लिहिते आहे ते असं काही आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडते त्यांच्यासाठी: मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, आणि पहिल्यांदाच हॉस्पिटलात पाय ठेवणारी आयटीतली मुलं.

माणसं नव्या यंत्रणेला विरोध करतात असं सर्रास म्हटलं जातं. मी जो विरोध पाहिला, त्यातला बराचसा दुबार लिहिण्याला होता. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आग्रह असा, की नवीन काही चालू करण्याआधी जुनं एक रजिस्टर बंद करून दाखवा.

एक पूर्ण शिफ्ट बसून पाहा

मीटिंगमध्ये विचारून काही कळत नाही. सकाळी हँडओव्हरच्या वेळी वॉर्डात जा, कोपऱ्यात स्टूल घ्या आणि दुपारची शिफ्ट येईपर्यंत तिथेच बसा. एकाच नोंदीचा माग काढा. समजा रुग्णाचा ताप घेतला. सिस्टर तो आकडा आधी चिठ्ठीवर लिहितात, कधी तळहातावरही. तिथून तो टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) जातो, मग नर्सिंग नोट्समध्ये, मग हँडओव्हरच्या वहीत. आता त्यात स्क्रीन आली की तोच आकडा पाचव्यांदा लिहायचा. तीस खाटांच्या मेडिकल वॉर्डात, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण भरलेले असताना, दोन सिस्टरनी हे कधी करायचं?

शाळेत हाच माग हजेरीचा काढा. हजेरीपटावर खूण, फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर संख्या, पोषण आहाराच्या नोंदीत जेवलेली मुलं, ॲपवर पुन्हा हजेरी, आणि वरून व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजची उपस्थिती तातडीने कळवा’. पहिलीच्या वर्गात हे सगळं उरकेपर्यंत चाळीस मुलं वर्ग डोक्यावर घेतात.

हे पाहून झालं की प्रत्येक वहीसमोर तीन गोष्टी लिहा. ही कोण वाचतं, शेवटची कोणी कधी मागितली, आणि ही नसेल तर कुठलं काम अडेल. काही नोंदींना हात लावायचा नाही. मादक औषधांचं रजिस्टर, एमएलसीचं (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसचं) रजिस्टर, शाळेतलं मुलांच्या प्रवेशाचं जनरल रजिस्टर या कायद्याशी जोडलेल्या गोष्टी आहेत. लेखी आदेश येईपर्यंत त्या कागदावरच राहतील. पण एखादी वही निव्वळ सवयीने चालू असलेली सापडतेच. कोणी तरी कधी तरी चौकशीच्या वेळी सुरू केलेली असते आणि पुढे प्रत्येक बॅच ती भरत राहते.

ती बंद करतानाही पद्धत आहे. तोंडी ‘बंद करा’ सांगितलेलं रजिस्टर बंद होत नाही, कारण ऑडिटला कोणी मागितलं तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागणार, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद घ्या. त्यावर वहीचं नाव, शेवटची तारीख आणि ती नोंद यापुढे कुठे सापडेल हे लिहा. कागद नर्सिंग स्टेशनवर लावा. वहीतल्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून इन्चार्जची सही घ्या आणि वही रेकॉर्ड रूमला पाठवा. ती रेघ मारली जाते तेव्हा वॉर्डातल्या बायकांचे चेहरे बघा. नव्या सिस्टीमबद्दल तुम्ही एक अक्षर बोलण्याआधी तुमच्या बाजूने निम्मा वॉर्ड झालेला असतो.

जुनं-नवं दोन्ही काही दिवस एकत्र चालवावं लागलं, तर ते कधी संपणार याची तारीख आधीच जाहीर करा, आणि ती पाळा.

उपयोग कोणाला, हे नीट ठरवा

या विषयावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलं, की माणूस एखादी संगणक प्रणाली स्वीकारतो ते मुख्यतः दोन गोष्टी बघून: हिने माझं काम चांगलं होईल का, आणि ती वापरायला सोपी आहे का. दोन्ही महत्त्वाच्या निघाल्या, पण उपयोगाचं वजन सोपेपणापेक्षा जास्त भरलं. अवघड पण उपयोगी वस्तू माणूस धडपडत शिकतो. सोपी पण निरुपयोगी वस्तू दुसऱ्या आठवड्यात विसरतो.

यातला ‘माझं काम’ हा भाग आपल्याकडे हमखास सुटतो. प्रशिक्षणात सांगतात, यामुळे मॅनेजमेंटला रोज अहवाल मिळेल, जिल्ह्याला आकडे दिसतील. मिळू देत. रात्रीच्या सिस्टरला काय मिळेल? औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) हाताने न लिहिता जाईल, लॅबचा रिपोर्ट आणायला वॉर्डबॉय मामांना तीन मजले उतरावे लागणार नाहीत, ॲडमिट झालेल्या आजोबांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे आधीच्या केसपेपरवरून कळेल. असं एकही वाक्य तुम्हाला तिच्यासाठी बनवता येत नसेल, तर थांबा आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडे परत जा.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, यांना तंत्रज्ञान नको असतं म्हणून. त्यांचं म्हणणं काय होतं? फोनची मेमरी अपुरी, तो तापतो, सारखा बिघडतो, दुरुस्तीचा खर्च आपल्यावर, आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते. घरोघर जाऊन बाळांची वजनं घेणाऱ्या या बायका. त्यांच्या घरातले फोन त्या सराईतपणे वापरत होत्या. डेव्हिस यांचे दोन्ही प्रश्न त्यांनी आपल्या भाषेत सरकारला विचारले, असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते.

प्लगपासून सुरुवात

डेव्हिस यांचंच काम पुढे नेत विश्वनाथ व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ साली आणखी दोन गोष्टी जोडल्या: आपल्या जवळची माणसं याबद्दल काय म्हणतात, आणि वापरायला लागणारी सोय जागेवर आहे का. सोय म्हणजे माझ्या लेखी आधी प्लग.

टॅब्लेट येतात, पण चार्जिंगचा पॉइंट सक्शन मशीनसाठी राखलेला असतो. कॉम्प्युटर अशा टेबलावर ठेवतात जिथून खाटा दिसत नाहीत, म्हणजे नोंद करायची तर रुग्णाकडे पाठ फिरवावी लागते. हातात ग्लोव्ह्ज असताना टचस्क्रीन नीट चालत नाही. मग दर खाटेला ग्लोव्ह्ज काढायचे, हात धुवायचे, टाइप करायचं, पुन्हा घालायचे. पासवर्ड दर महिन्याला बदलतो आणि तो आठवत नाही म्हणून तीन शिफ्ट एकाच सिस्टरच्या नावाने चालतात. काही चूक झाली तर जाब मात्र तिलाच. हे सगळं चालू करण्याच्या आधीच्या आठवड्यात हातात कागद घेऊन, वॉर्डात चालत तपासा. वायफाय सगळ्यात लांबच्या खाटेपाशी उभं राहून बघा. प्रत्येकीला स्वतःचं लॉगिन द्या आणि पासवर्ड विसरला तर रात्री तीन वाजता तो कोण उघडून देईल, त्याचा नंबर भिंतीवर लावा.

मराठीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. स्टाफला इंग्रजी औषधांची नावं पाठ असतात, पण नोट्स लिहिताना वाक्य अडतं. फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय असते, ती आधी दाखवा. पुष्कळ जणींची भीती तिथेच जाते. मात्र वॉर्डात रुग्णाचं नाव आणि आजार मोठ्याने बोलून टाइप करायचा नाही, हेही त्याच वेळी सांगा. सॉफ्टवेअर देवनागरी अंक स्वीकारतं का, तेही बघून घ्या. नाही तर ‘३८’ भरलेला ताप कुठेच उमटत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

नावांचा घोळ शाळेत जास्त. अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक काढताना शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे जनरल रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर कुठे नाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे इंग्रजी स्पेलिंग निराळं. शिक्षक स्क्रीनसमोर बसून तीच तीच एंट्री मारत राहतात आणि ती परत परत फेटाळली जाते. जाऊबाईंच्या शाळेत हे काम मार्गी लागलं ते आधी कागदावर केल्यामुळे. वर्गवार यादी, एका रकान्यात शाळेचं नाव, दुसऱ्यात आधारचं, तिसऱ्यात फरक. ज्यांचं जुळतं त्यांची एंट्री आधी, बाकीच्या पालकांना कुठली कागदपत्रं लागतील याची चिठ्ठी घरी. पालकांचं संमतीपत्र याच फेरीत घ्यावं, म्हणजे त्यांना दोनदा रजा टाकावी लागत नाही.

शिकवताना तुमचे हात मागे

सभागृहात प्रोजेक्टर लावून दिलेलं प्रशिक्षण मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. नाईट करून आलेली मुलगी एसीत बसली की झोपते, आणि तिला झोप यायलाच हवी. वॉर्डात शिकवा. एका वेळी दोघी, पाव तास, आणि आज प्रत्यक्ष जे काम आहे तेच. आज ॲडमिशन आहे तर ॲडमिशन, डिस्चार्ज आहे तर डिस्चार्ज. माऊस शिकणारीच्या हातात. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहावं. ती अडली तरी पटकन पुढे होऊन क्लिक करू नये. आयटीतल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं. ती इतक्या झरझर करून दाखवतात की शिकणारीला आपण मठ्ठ आहोत असं वाटायला लागतं, आणि एकदा तसं वाटलं की ती परत विचारत नाही.

चुकायला जागा हवी. खोट्या रुग्णाच्या नावाने एक सरावाची खाट सिस्टीममध्ये ठेवून घ्या, जिथे काहीही डिलीट झालं तरी फरक पडणार नाही. १९४३ साली रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. संकरित मक्याचं बियाणं इतकं उघड फायद्याचं होतं, तरी शेतकऱ्यांनी ते आधी थोड्या तुकड्यावर पेरून पाहिलं आणि मगच वाढवत नेलं. बियाण्याची माहिती त्यांना विक्रेत्यांकडून कळली होती, पण भरवसा बसला शेजाऱ्याचं शेत बघून. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

वॉर्डात तो शेजारी कोण, हे ओळखणं ही खरी कामगिरी. जी सगळ्यात आधी उत्साहाने फोन काढते तिलाच आपण प्रमुख करतो. ती बहुधा नवी, तरुण, कधी कधी वर्षभरात नोकरी सोडून जाणारी. बाकीच्या तिच्याकडे बघत नाहीत. त्या बघतात ती शीर न सापडणाऱ्या बाळाला सलाईन लावायला जिला बोलावतात तिच्याकडे. त्या सिस्टरना पटलं तर वॉर्डाला पटतं.

आमच्याकडे अशा एक सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, ‘रात्री लाईट गेली, सर्व्हर बंद पडला, तर एक वाजताचं इंजेक्शन दिलं की नाही हे मी कुठे बघायचं?’ आयटीच्या माणसाने ‘असं होणार नाही’ म्हणून विषय उडवला. मी तो फळ्यावर लिहून घेतला, कारण त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. त्यातून वॉर्डात लाल फाईल आली. तिच्यात छापील कोरे चार्ट, औषधांची यादी ठराविक वेळेला प्रिंट काढून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि सिस्टीम परत आल्यावर मधल्या वेळच्या नोंदी कोणी भरायच्या हे लिहिलेलं. फाईलचा मजकूर सिस्टरनीच सांगितला आणि पुढे नव्या मुलींना सिस्टीम समजावताना मी त्यांनाच बोलतं केलं. तुम्ही जिथे असाल तिथे लाल फाईल पहिल्या दिवशी तयार ठेवा. सगळ्यात शंका काढणारी व्यक्ती शोधा आणि ती फाईल तिच्याकडून लिहून घ्या.

बक्षीस, स्पर्धा आणि मोबदला

‘या आठवड्यात सर्वाधिक एंट्री करणारा वॉर्ड’ असा तक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची टूम हल्ली फार आहे. कृपा करून टाळा. ज्या वॉर्डात रुग्ण गंभीर तिथे एंट्री कमी होणार, आणि तो वॉर्ड रोज सगळ्यांसमोर खाली दिसणार. मग एंट्री वाढवण्यासाठी आकडे अंदाजाने भरले जातात. नाडी ७२, श्वास १८, सगळ्यांना सारखी. वैद्यकीय नोंदीत यापेक्षा घातक काही नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, काहींना कोड्यामागे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्या मुलांनी मोकळ्या वेळात कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं, की माणसाला मनापासून काम करायला तीन गोष्टी लागतात: आपल्या कामात आपलं काही चालतं ही भावना, आपल्याला हे जमतं हा विश्वास, आणि बरोबरच्यांशी जोडलेपण. वॉर्डात याचा अर्थ लहान लहान गोष्टींत दिसतो. कुठला फॉर्म आधी स्क्रीनवर न्यायचा हे वॉर्डाला ठरवू द्या. शिकवायला जोड्या लावताना मैत्रिणींना एकत्र ठेवा. स्क्रीनवरचा एखादा नको असलेला रकाना स्टाफच्या सूचनेवरून काढला गेला, तर कोणाच्या सूचनेवरून काढला ते सगळ्यांना सांगा.

मात्र या प्रयोगाचा आधार घेऊन कोणी मोबदला नाकारत असेल, तर मी ठामपणे विरोध करीन. आशाताईंना मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. लोकमान्य नगर किंवा दिघ्याच्या वस्तीत दारोदार फिरून झाल्यावर ॲप भरण्यात गेलेला तास त्यांच्या हिशेबात कुठेच नसतो, तो त्या दुसऱ्या कामातून कापून देतात. डेटा पॅक स्वतःच्या पैशाने, फोन मुलाच्या अभ्यासातून काढून घेतलेला. तिथे प्रेरणेवर व्याख्यान देण्याआधी रिचार्जचे पैसे आणि नोंदीचा वेळ मान्य करा.

आणि माहिती परत द्या. आकडे वर जातात, खाली काहीच येत नाही, ही सगळ्यांची जुनी तक्रार. महिन्यातून एकदा वॉर्डाला त्यांचाच एक आकडा दाखवा, त्यांनी निवडलेला. डिस्चार्ज लिहिल्यापासून रुग्ण घरी जाईपर्यंत किती वेळ गेला, हा बहुतेक सिस्टरना हवा असतो, कारण नातेवाइकांचा राग त्यांच्यावर निघतो. शाळेत बाईंना वर्गातली कुठली मुलं हातच्याच्या वजाबाकीवर अडली आहेत हे ॲपने दाखवलं, तर ॲप वापरा असं सांगायची गरज पडत नाही.

कोण काय बघणार, ते आधी सांगा

कोणी किती वाजता काय नोंदवलं हे सिस्टीममध्ये कायमचं राहतं. औषध एकला द्यायचं, एक पंचवीसला दिलं, तरी पूर्वी वहीत ‘एक वाजता’ असंच लिहिलं जायचं. आता खरी वेळ दिसते. ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवली जात नाही. व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, की सुरुवातीचे तीन महिने सिस्टीममधल्या वेळेवरून कोणालाही मेमो मिळणार नाही. उशीर दिसला तर आधी त्या शिफ्टला किती रुग्ण होते आणि किती स्टाफ होता हे बघायचं. हा कागद नसेल तर नोंदी खऱ्या होणार नाहीत.

रुग्ण आणि पालक

ओपीडीच्या खिडकीवर आता क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेता येतं, आभा या डिजिटल आरोग्य खात्याच्या १४ अंकी क्रमांकावर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातली ही सोय. रांग खरंच आखडते. पण आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून केसपेपर नाकारायचा नाही, हे खिडकीवरच्या माणसाला स्पष्ट सांगा. दिव्याहून आलेल्या आजींचा नंबर मुलाच्या फोनशी जोडलेला, मुलगा महापेच्या कंपनीत कामावर, ओटीपी त्याच्याकडे. एक खिडकी बिनफोनची ठेवा, आणि तिथे सगळ्यात शांत स्वभावाचा माणूस बसवा.

विद्यार्थिनींना मी शिकवते की खाटेपाशी गेल्यावर आधी रुग्णाशी दोन वाक्यं बोला, मग स्क्रीनकडे बघा, आणि काय लिहिताय ते त्यांना सांगा. केसपेपरचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही, कितीही घाई असली तरी.

शाळेत गृहपाठ मोबाईलवर देताना घरात फोन कधी येतो ते विचारा. पुष्कळ घरांत तो वडिलांबरोबर रात्री नऊनंतर येतो, आणि दोन भावंडं असतील तर बहिणीची पाळी शेवटी. बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ उघडतात. बाईंनी ते आदल्या दिवशी डाउनलोड करून वर्गात सगळ्यांना एकत्र दाखवले, तर घरच्या फोनवर कोणाचंच अडत नाही.

चाललंय का, हे कसं ओळखायचं

लॉगिन मोजू नका. एप्रनचे खिसे बघा, म्हणजे सिस्टरना विचारून, विश्वासाने. खिशातल्या चिठ्ठीवर जे लिहिलेलं असतं ते स्क्रीनवर मिळत नाही किंवा वेळेवर मिळत नाही. खाट क्रमांक, पुढचं औषध, कोणाचा रिपोर्ट यायचाय. त्या चिठ्ठीसारखी एक स्क्रीन बनवून द्या, असं सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा; मोठ्या बदलांपेक्षा हे लवकर होतं. रात्रीच्या शिफ्टला न सांगता चक्कर मारा. दिवसा सगळं सुरळीत दिसतं, खरी पद्धत रात्री कळते.

सहा महिन्यांनी अर्धा स्टाफ बदललेला असतो. बदल्या, बाळंतपणाच्या रजा, नव्या इंटर्न. तेव्हा शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव ड्युटी चार्टवर त्या कामासह लिहा आणि त्या तासाला तिच्याकडे रुग्ण देऊ नका. शाळेत हेच जूनमध्ये करा, पहिल्या आठवड्यात, पुस्तकं वाटून झाल्यावर आणि माहितीचे फॉर्म यायला लागण्याआधी.